कॉलरवालीची बदली

घरात कमावणाऱ्याचा शब्द चालतो, असं तुम्हीही मानता ना? मग सांगा बरं, वर्षानुवर्षं एकटीच्या पगारावर चार माणसांचं घर ओढणाऱ्या बाईचा शब्द त्या घरात चालायला हवा की नको? नुसती मान हलवू नका, उत्तर द्या. कारण ह्या बाईनं उभ्या आयुष्यात एकच शब्द टाकला होता. माझी पोरगी शाळा पुरी करील, माझ्यासारखी ह्या बाकड्यावर बसणार नाही. दुसरं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. आणि तो शब्द कुणी मोडला असेल? दारुड्या नवऱ्यानं? खाष्ट सासूनं? तसं असतं तर बरं झालं असतं. भांडायला समोर कुणीतरी असतं.

कारखान्यात तिला कॉलरवाली म्हणत. तिच्या डाव्या हाताला बसायची ती बटणवाली, पलीकडे बाहीवाली, खिसेवाली. तिथे बाईला तिच्या तुकड्यावरून हाक मारतात. अख्खा शर्ट कुणालाच शिवायचा नसतो. सकाळी लाइनीच्या एका टोकाला कापलेलं कापड पडतं आणि दुसऱ्या टोकाला इस्त्री होऊन शर्ट बाहेर निघतो. मधे ज्या बाया आहेत त्यांना त्याची छातीही माहीत नाही नि पाठही.

तिचा नवरा मात्र अख्खा शर्ट शिवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, अजूनही म्हणतात. कोपऱ्यावर त्यांचं छोटं दुकान होतं, एक मशीन, एक आरसा, आणि गळ्यात माप घ्यायची फीत. मास्तर माणूस दुरून येताना बघून सांगायचे, ह्याचा डावा खांदा उतरता आहे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की ते पाठीमागून दोन बोटांनी कॉलर सारखी करायचे आणि म्हणायचे, "आता लग्नाला नाही गेलात तरी चालेल, नवरदेव तुम्हीच दिसताय." मग मोठ्या रस्त्यावर काचेच्या दाराची दुकानं आली. आधी तरुण पोरं तिकडे गेली, मग त्यांचे बाप गेले, शेवटी शाळेचे गणवेशसुद्धा गेले. मास्तरांकडे उरलं ते उसवलेलं शिवणं आणि चेन बदलणं. "मास्तर उसवलेलं शिवत नाही," असं त्यांनी काही दिवस ताठ मानेनं सांगितलं. मग गुपचूप शिवायला लागले. मग तेही येईना.

ते कारखान्याच्या गेटवर गेले होते, हे त्यांनी घरी सांगितलं नाही. बटणवालीनं पाहिलं म्हणून कळलं. गेटवरच्या माणसानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काका, पुरुष नकोत. फक्त लेडीज." बायकांचे हात हलके असतात, असं कारखानेवाले सांगतात. हात कसले हलके हो! पगार हलका असतो आणि तोंड बंद असतं. ज्या शर्टांनी मास्तरांचं दुकान खाल्लं, तेच शर्ट शिवायला त्यांची बायको गेली. तिला हे कळत नव्हतं असं समजू नका. पहिल्या दिवशी मशीनवर बसताना तिला सवतीच्या घरी पाणी भरायला आल्यासारखं वाटलं होतं.

सासूनं तेव्हा घर डोक्यावर घेतलं. "आमच्या घराण्यातली सून दुसऱ्याच्या दारात कामाला? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणाले नाहीत, कारण लोकांच्याही सुना त्याच दारात उभ्या होत्या. पगार घरात येऊ लागला तसा सासूचा आवाज खाली आला. पुढे पुढे तर नळावर पाणी भरताना तीच सांगू लागली, "माझी सून लाइनीत एक नंबर. तिच्याशिवाय कॉलर होत नाही." काळ असा फिरला. पूर्वी मुलगी बघायला आलेले विचारायचे, घरकाम येतं का? आता विचारतात, कुठल्या लाइनीला आहे? आणि घरकाम येतं का हे विचारत नाहीत, कारण ते येणारच, त्यात विचारायचं काय!

घरकाम कुठे गेलं, हाच तर खरा सवाल. बाई बाहेर पडली म्हणून चूल काही तिच्यामागून बाहेर पडली नाही. सासूचे गुडघे धरलेले. मास्तर भांड्याला हात लावत नसत. कामचुकार होते म्हणून नव्हे. दुकान गेलं, गिऱ्हाईक गेलं, गळ्यातली फीत खुंटीला गेली; आता भांडी घासली तर उरलासुरला मास्तर मोरीतून वाहून जाईल, अशी त्यांना धास्ती. त्यांच्यावर चिडावं तर चिडताही येत नाही असं ते तोंड करून बसत. मग राहिली कोण? लेक. तिला घरात फिरकी म्हणत, एका जागी ठरायची नाही म्हणून. शाळेतून आली की दप्तर एका हातानं ठेवायची आणि दुसऱ्या हातानं झाडू उचलायची. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. अभ्यास करायची तो भात शिजेपर्यंत, गॅसशेजारच्या ओट्यावर वही ठेवून.

कॉलरवाली हे बघायची आणि मनात म्हणायची, एवढं शेवटचं वर्ष. एवढी परीक्षा झाली की ही सुटली.

आता मास्तरांचं एक सुख सांगायला हवं. मशीन त्यांनी विकलं नव्हतं. संध्याकाळी ते फिरकीला जवळ बसवून चिंध्यांवर कॉलर शिकवायचे. कॉलरचा जीव तिच्या टोकात असतो. शिवून उलटी केली की टोक नीट बाहेर यायला हवं, धारदार, आणि दोन्ही बाजूंना सारखं. कारखान्यात लोखंडी दाभण आतून खुपसून टोक काढतात, घाई झाली की दाभण कापडातून आरपार. मास्तरांची रीत वेगळी. शिवतानाच कोपऱ्यात दुहेरी दोरा अडकवून ठेवायचा आणि उलटवल्यावर तो दोरा हलकेच ओढायचा. टोक आपसूक बाहेर येतं. ह्याच रीतीवर कॉलरवालीची जागा टिकली होती. आणि फिरकी तर असं टोक काढायची की मास्तर ते गालाला टोचून बघायचे. "बघ गं," बायकोला म्हणायचे, "हिच्यापुढे तू नि मी दोघं शिकाऊ." त्या घरात माणसं हसायची ती तेवढ्या वेळात.

हे कौतुक कॉलरवालीच्या पोटात राहिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर मॅडम शेजारी येऊन बसल्या होत्या, तेव्हा ती बोलून गेली, "माझी पोरगी माझ्यापेक्षा सुंदर टोक काढते, मॅडम." आई लेकीबद्दल बोलते तसं बोलली. मॅडम डबा झाकता झाकता म्हणाल्या, "अस्सं?"

मग शिपमेंटचा, म्हणजे माल रवाना करायचा आठवडा आला. त्या आठवड्यात लाइनीची एक जागा रिकामी राहिली तर पुढचं सगळं काम तुंबतं. म्हणून तिथला रिवाज असा, की जिला यायचं नसेल तिनं आपली बदली आपण आणायची. बहीण, जाऊ, नणंद, कुणीही. बदली नाही तर जागा गेली. आणि नेमकी कॉलरवालीच्या बोटातून सुई गेली. नखाच्या बाजूनं शिरली, आत मोडली. दवाखान्यात तुकडा काढला, पण बोट सुजून वांग्यासारखं झालं. ती दोन दारं फिरली. एक शेजारीण बाळंत झालेली, दुसरी दुसऱ्या कारखान्यात लागलेली. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली.

"मी जाते ना," फिरकी म्हणाली.

"गप्प बस. शाळा कोण करील, तुझा बाप?"

"चारच दिवस गं आई. वर्गात नुसती उजळणी चाललीय. मला सगळं येतं."

सासू म्हणाली, "जाऊ दे की. जागा गेली तर शाळेची फी शाळा देणार आहे का?"

मास्तरांनी दोऱ्याचं रीळ काढून लेकीच्या हातात दिलं. पांढरा, चिवट, त्यांचा खास.

सकाळी गेटवर आई स्वतः सोबत गेली. माणसानं विचारलं, "वय?"

फिरकीनं आईकडे बघितलं. आणि आई म्हणाली, "अठरा."

कुणी तिच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. तिच्या पुढे उभ्या असलेल्या बाईनंही तेच सांगितलं होतं, मागचीही तेच सांगणार होती. त्या गेटवर सगळ्याच पोरी अठराच्या असतात.

चार दिवसांत बोट बरं झालं नाही. त्यात पू झाला, पुन्हा चिरा द्यावा लागला. बटणवाली संध्याकाळी घरी येऊन सांगायची, "अगं, तुझ्या पोरीच्या कॉलरला चेकिंगवाली काही नावच ठेवू शकत नाही. सकाळपासून नुसती चष्मा पुसत बसते." ऐकताना कॉलरवालीला आधी अभिमान वाटायचा. बोट ठणकत असायचं तरी वाटायचा. त्यानंतर भीती वाटायची.

पट्टी सुटली त्या दिवशी ती जेवणाची सुट्टी संपता संपता कामावर गेली. तिच्या जागेवर फिरकी बसली होती, पाय पेडलवर, तोंडात दोरा. मॅडमनी कॉलरवालीला बाजूला घेतलं. त्याही ह्याच लाइनीतून वर आलेल्या. वाईट बाई नव्हे.

"ताई, बोट वाकवून दाखवा."

तिनं वाकवलं. अर्धं वाकलं.

"ह्या बोटानं टोक निघायचं नाही. मला वरून आकडा येतो, मी काय करू? पोरीला बसू दे. तुम्हाला पाहिजे तर दोरे कापायला उभं करते."

"मॅडम, तिची परीक्षा आहे. ती लहान आहे अजून."

"लहान?" मॅडमनी आवाज खाली आणला. "मग गेटवर अठरा कुणी सांगितलं? मी?"

कॉलरवाली वळून चालू लागली. मग बाहेर नळापाशी बटणवालीनं तिचा हात घट्ट धरला. "तू वयाचं तोंडातून काढू नकोस, तुझ्या पाया पडते. चौकशी लागली तर एकट्या फिरकीची लागणार नाही. काजवर माझी धाकटी बसलीय. खिसेवालीची भाची आहे. एक धागा ओढलास तर अख्खी लाइन उसवेल. मग खाऊ काय आम्ही?"

म्हणजे बघा, ओरडायचं तर कुणाविरुद्ध? कारखान्याविरुद्ध ओरडलं की शेजारणीच्या ताटाला लाथ बसते. कारखानेवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं, म्हणूनच ते बदली आणायला घरी पाठवतात. बाहेरच्या माणसाला कामावर ठेवलं तर तो उद्या हक्क मागेल. घरातली लेक काय मागणार?

घरी तिनं विषय काढला तेव्हा सगळे तिच्याशी इतके प्रेमानं वागले की तिला रडताही येईना. सासूनं पहिल्यांदा स्वतः उठून तिला चहा दिला. "पुष्कळ राबलीस बाई. आता जरा टेक. लेकीच्या हाताखाली घर आलं, भाग्य लागतं." मास्तर म्हणाले, "तुझं बोट बघवत नाही मला." आणि ते खरं बोलत होते. त्यांचे डोळे भरले होते. पण त्यांच्या भरल्या डोळ्यांत थोडी चमकही होती, कारण त्यांची रीत, त्यांचा दोरा, त्यांची लेक त्या लाइनीत गाजत होती. दुकान गेल्यापासून त्यांना इतक्या मानानं कुणी मास्तर म्हटलं नव्हतं.

कॉलरवालीनं लेकीला धरून समोर बसवलं. "तुझ्या मनात काय आहे ते सांग. दुसऱ्या कुणाचं नको सांगूस."

"तू कारखान्यात गेलीस तेव्हा तुला कुणी विचारलं होतं, मनात काय आहे म्हणून?"

"नाही."

"मग मला कशाला विचारतेस? तू घरासाठी गेलीस, मीही घरासाठी जाते."

घरासाठी, हा शब्द तिनंच ह्या पोरीला दुधाबरोबर पाजला होता. डबा भरताना, पाय चेपताना, रात्री कपडे वाळत घालताना. घरासाठी करायचं असतं गं बाळा. आता तोच शब्द लेकीनं तिच्यासमोर ठेवला, घडी न मोडता.

तरी तिनं हार मानली नाही. शाळेत जाऊन बाईंचे पाय धरले, हजेरीचं निस्तरून घेतलं. मग मॅडमकडे गेली. "परीक्षेचे दिवस तेवढे तिला सोडा."

"बदली आणा," मॅडम म्हणाल्या, "मग सोडते."

"मीच बसते तिच्या बदली."

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "बसा," म्हणाल्या.

तर अशी आई लेकीची बदली म्हणून आपल्याच जुन्या जागेवर बसली. पहिला पेपर भाषेचा होता. फिरकी ओठ हलवत धडे आठवत शाळेत गेली, आणि इकडे कॉलरवालीनं कोपऱ्यात दोरा अडकवला. अडकवला, पण बोटाला तो लागेना. चिमटीत पकडायचा तर चिमूट बंद होत नाही. तिनं डाव्या हातानं करून पाहिलं, दातानं ओढून पाहिलं. शेवटी दाभण घेतलं. दाभण पहिल्याच कॉलरीतून आरपार गेलं. तिच्या उजव्या हाताला कॉलरी साचायला लागल्या आणि पट्टी लावणारी हात रिकामे ठेवून तिच्याकडे बघायला लागली. बटणवालीनं विनोद करायचा प्रयत्न केला, "आज कॉलरला टोकच नको, साधूचा शर्ट आहे," पण हसलं कुणी नाही. ती मान खाली घालून ओढत राहिली. बोटाच्या जुन्या जखमेतून रक्त आलं आणि एका कॉलरीला लागलं. पांढऱ्या.

पेपर संपला तशी फिरकी सरळ कारखान्यात आली; जेवणाच्या सुट्टीचं गेट उघडं होतं, गेटवरच्या माणसानं ओळखून तिला आत सोडलं. कुणी बोलावलं नव्हतं तिला. आई कशी बसलीय ते बघावं म्हणून आली, पेपर सोपा गेला ते सांगावं म्हणून आली. तिनं साचलेला ढीग बघितला. रक्त लागलेली कॉलर उचलून बाजूला ठेवली. मग आईच्या कोपराखाली हात घातला, आजीला उठवताना घालते तसा, आणि म्हणाली, "आई, ऊठ. आजच्यापुरती मी बसते."

"उद्या गणित आहे तुझं."

"माहीत आहे गं. ऊठ."

ती उठली. तुम्ही असता तर उठला नसतात? मागे उभी राहून ती दोरे कापत राहिली आणि लेकीच्या पाठीकडे बघत राहिली. अंधार पडायच्या आत ढीग संपला. मॅडम येऊन फिरकीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. "गुणाची पोर आहे हो, ताई."

दुसऱ्या दिवशी कॉलरवालीला जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं. चहा करून झाकलेला होता. दप्तर खुंटीला होतं. तिनं दप्तर ओढलं, आत पट्टी, पेन, प्रवेशपत्र, सगळं तसंच. चपला घालायचंही तिला सुचलं नाही. ती दप्तर छातीशी धरून गल्लीतून पळाली, आणि मास्तर मागून हाका मारत राहिले, "अगं, काय झालं? काय झालं?"

कारखान्याचं गेट बंद झालं होतं. पाळी लागली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते उघडत नाही.

"पास?" गेटवरच्या माणसानं विचारलं.

पास लेकीकडे होता. एका जागेला एकच पास असतो.

"आत माझी मुलगी आहे. तिचा पेपर आहे. तिला नुसतं हाक मारा."

"ताई, आत हाक कुणाला ऐकू येणार? मशीन चालू आहेत." तो ओशाळला होता. त्यानं तिला बसायला स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं.

ती बसली नाही. तिला एकच वाक्य माहीत होतं ज्यानं ते गेट त्या क्षणी उघडलं असतं. ती अठराची नाही. तोंडापर्यंत आलं. मग तिला काजवर बसलेली बटणवालीची धाकटी दिसली, खिसेवालीची भाची दिसली, आणि त्या घरांतल्या चुली दिसल्या. तिनं ओठ मिटले. दुसरीकडे शाळेत पेपर वाटून झाले असतील, हे तिला कळत होतं. एक बाक रिकामं असेल आणि कुणीतरी त्या नंबरापुढे रेघ मारली असेल. ती दप्तर धरून गेटला गाल लावून उभी राहिली. आतून सगळ्या मशीनचा मिळून एकच आवाज येत होता, त्यात आपल्या लेकीचं मशीन कुठलं ते तिला ओळखता येईना.

जेवणाच्या सुट्टीत फिरकी बाहेर आली. आईच्या हातात दप्तर बघून ती थांबली. "तू जेवलीस का?" तिनं विचारलं.

तिनं पुढचे पेपरही दिले नाहीत. आता कॉलरवाली घर बघते. गल्लीतले सगळे त्या पोरीचं नाव काढतात, आपल्या मुलींना तिचा दाखला देतात, आणि प्रत्येक कौतुकाबरोबर ती त्या बाकड्यावर आणखी घट्ट बसते.

तुमच्या ओळखीतही अशी एखादी पोरगी असेलच. तिच्याजवळ जा आणि तिला विचारा, तुझा राहिलेला पेपर पुन्हा कधी आहे? ती म्हणेल, जाऊ द्या हो. जाऊ देऊ नका. तिच्या घरी जाऊन बसा, आणि तिच्या तोंडून तारीख निघेपर्यंत उठू नका.